सोमवारची खबर

“माका एक बोट शोधून दी,” असं म्हणून त्या बाईंनी काउंटरवर एक फोटो ठेवला.

दुपारचे अडीच वाजले होते. वाचनालयात पेपर वाचणारे दोन पेन्शनर सोडले तर कुणी नव्हतं. मला वाटलं, ‘बोट’ नावाचं एखादं पुस्तक हवं असेल. तसं विचारलं तर त्या म्हणाल्या, “पुस्तक नाय गो बाय. खरी बोट. माझो झील हा तिच्यार.”

त्यांचं नाव शेवंती कोयंडे. राहायला तांबळवाडीला, खाडीच्या तोंडाशी. तालुक्याच्या बाजारात मासे विकायला बसायच्या. सोमवारी बरेच लोक मासे खात नाहीत, त्यामुळे बाजार लवकर उठतो. म्हणून त्या सोमवारी आल्या होत्या. टोपली बाहेर पायरीवर ठेवून, हात धुऊन, ओला हात फोटोला लागू नये म्हणून तो पदरात धरून आत आल्या होत्या.

मी गडहिंग्लजची, लग्न होऊन या समुद्रकाठच्या तालुक्यात आले त्याला तीन वर्षं झाली होती. मालवणी कळायची, बोलायला धजावत नव्हते. वाचनालयात सहायक म्हणून लागले आणि त्याच वर्षी आमच्याकडे तीन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि इंटरनेट आलं. तेव्हा मोबाइलवर इंटरनेट अजून सगळ्यांच्या हातात नव्हतं. भिंतीवर ‘माहिती शोधा, मार्गदर्शन मोफत’ अशी पाटी मीच रंगवून घेतली होती. लोक यायचे ते परीक्षेचा निकाल बघायला, नाहीतर अर्ज भरायला. ती पाटी कुणीतरी शेवंतीकाकींना वाचून दाखवली होती.

त्यांचा मुलगा दिगंबर चौदा महिन्यांपूर्वी एका एजंटमार्फत मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. सुरुवातीला पंधरा दिवसांनी फोन यायचा. मग महिन्याने. शेवटचा फोन येऊन दोन महिने झाले होते. एजंट म्हणत होता, जहाज लांबच्या सफरीवर आहे, सगळं ठीक आहे.

“मग तुम्हाला शंका का येते, काकी?”

“शेवटच्या फोनाक तेणां माका इचारल्यान, आये, आज काय रांधलंस? मी सांगलंय, बांगड्याची कढी. तर म्हणता, खोबरा किती घातलंस? तिरफळा घातलंस काय? भात कसलो केलंस, उकड्या तांदळाचो काय? सगळा एकेक करून इचारल्यान. पोटभर जेवलेलो माणूस असा इचारना नाय.”

मी फोटो हातात घेतला. पहिल्याच महिन्यात जहाजावरून सुटून घरी आलेल्या कुणाबरोबर तरी दिगंबरने तो पाठवला होता. पिवळी टोपी, केशरी डगला, मागे जहाजाची पांढरी भिंत. पोरगा हसत होता.

“बोटीचं नाव?”

“ओशन मेरिडा.” नाव त्यांनी पाठ केलं होतं.

जगातली जहाजं आत्ता कुठं आहेत ते नकाशावर दाखवणारी एक वेबसाइट मला सापडली. काकी माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. नकाशावर हजारो रंगीत बाण हलत होते. “एवढ्यो बोटी?” त्या म्हणाल्या. ओशन मेरिडा नावाचं एकच जहाज निघालं, तेही कित्येक वर्षांपूर्वी भंगारात गेलेलं. मी स्पेलिंगं बदलून पाहिली. मध्येच दिवे गेले. काकी उठल्या. फोटो माझ्याकडेच ठेवून म्हणाल्या, “फुडल्या सोमवारी येतंय.”

पुढच्या सोमवारी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या.

त्या आठवड्यात मी जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवत होते. आमचे ग्रंथपाल रेडकर सर निवृत्तीला एक वर्ष उरलेले, शिस्तीचे, कमी बोलणारे. हातात आलेल्या एका जाड पुस्तकाच्या पाठीवर बाइंडरने भलत्याच पुस्तकाचं नाव छापलं होतं, आणि आतली पहिली दहा पानं गायब. हे पुस्तक कुठलं ते कळायला मार्ग नव्हता. सरांनी ते घेतलं, एकावन्नावं पान उघडलं आणि खाली मारलेला शिक्का दाखवला.

“दाखल क्रमांक बघ. प्रत्येक पुस्तकात आपण एका ठरलेल्या पानावर तो घालतो. पुठ्ठा बदलो, नाव बदलो, क्रमांक बदलत नाही.”

रजिस्टरमध्ये तो क्रमांक काढला, पुस्तक ओळखलं, नोंद केली. पुढचं पुस्तक घेता घेता मी थांबले. जहाजांनाही असा काही क्रमांक असतो का, हे मी शोधूनच पाहिलं नव्हतं.

असतो. सात आकडी. जहाज बांधताना मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. मालक बदलला, नाव बदललं, झेंडा बदलला तरी. आणि तो जहाजावर ठळक रंगवलेला असावा लागतो.

मी टेबलाच्या खणातून फोटो काढला. दिगंबरच्या खांद्यामागे भिंतीवर काळे आकडे होते. मला ते दहा दिवस दिसत होते, पण मी पोराच्या चेहऱ्याकडेच बघत होते. स्कॅनरवर फोटो घालून मोठा केला. सहा आकडे स्पष्ट वाचता आले. सातवा त्याच्या खांद्याआड होता.

दहाच शक्यता होत्या. शून्यापासून एकेक टाकत गेले. पहिल्या चार क्रमांकांना काहीच निघालं नाही. ‘चार’ टाकल्यावर एक जहाज आलं. नाव आता वेगळंच होतं, झेंडाही वेगळा. जुन्या नावांच्या यादीत मात्र ओशन मेरिडा होतं. जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगरून उभं होतं, आणि त्याच्याकडून शेवटचा संदेश येऊन पाच महिने झाले होते.

तो गुरुवार होता. नवं नाव हाती लागल्यावर पुढचं शोधायला अर्धा तास पुरला. खलाशांना मदत करणाऱ्या एका परदेशी संस्थेच्या पानावर मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांची यादी होती. तिच्यात हे जहाज होतं. मालकाने हात वर केलेले, डिझेल संपलेलं, म्हणून दिवे नाहीत आणि संदेशही नाहीत. पाणी आणि धान्य बंदरातले लोक कधीमधी पोचवतात. खलाशी अकरा. खाली एक ओळ होती: गेल्या महिन्यात एका भारतीय खलाशाचा आजारपणात मृत्यू. नाव दिलेलं नव्हतं.

मी ते पान छापून सरांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“बाईंना सांगितलंस?”

“त्या सोमवारी येतात.”

“थांब जरा,” ते म्हणाले. “भारतीय किती आहेत अकरात? नाव नाही, काही नाही. अर्धवट माहितीवर एका आईला काय सांगणार तू? आधी नाव मागव. खात्री झाली की सांगू.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. त्याच दिवशी मी संस्थेला ई-मेल लिहिला: मी दिगंबर कोयंडे यांच्या आईच्या वतीने विचारत आहे. आईला न विचारता आईच्या वतीने लिहिलं, हे तेव्हा मनातही आलं नाही.

सोमवारी काकी आल्या. त्या दिवशी स्टुलावर न बसता काउंटरपाशीच उभ्या राहिल्या.

“गावली काय गो?”

छापलेला कागद माझ्या डाव्या हाताला, रजिस्टरखाली होता. मी म्हटलं, “नाही काकी. शोधतेय. या आठवड्यात नक्की काहीतरी कळेल.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला वाटलं. मग म्हणाल्या, “बरा.” आणि पायरीवरची टोपली उचलून गेल्या. मी कागद खणात घातला आणि खणाला कुलूप लावलं. तशी काहीच गरज नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या वेळेस उत्तर आलं. जिवंत असलेल्या दहा खलाशांची नावं होती. सहाव्या ओळीवर दिगंबर कोयंडे. मरण पावलेला माणूस दुसऱ्या राज्यातला होता, जहाजावरचा स्वयंपाकी. पत्रात आणखी एक सूचना होती: खलाशांच्या घरच्यांनी मुंबईच्या जहाज कार्यालयाकडे लेखी तक्रार केली तर सुटकेला वेग येतो, लवकर करा.

शनिवारी सकाळी मी घरी डबासुद्धा न करता थेट मासळीबाजारात गेले. काकी आडाळ्यावर बसून एका गिऱ्हाइकासाठी सुरमईचे तुकडे करत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी उभी राहिले. मग खाली बसले आणि सगळं सांगितलं. दिगंबर जिवंत आहे, हे आधी. मग जहाजाचं. मग त्या स्वयंपाक्याचं.

त्यांनी आडाळ्याचं पातं फडक्याने पुसलं. रडल्या नाहीत.

“बोट कधी गावली?”

“परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या गुरुवारी.”

“म्हंजे सोमवारी तुका म्हायत होता.”

मी मान खाली घातली. शेजारची बाई पाणी मारत होती, ते पाणी आमच्या पायांखालून गेलं.

“काकी, एक माणूस गेला होता. कोण ते कळत नव्हतं. खात्री नसताना तुमच्या जिवाला घोर कशाला, म्हणून...”

“मंगळवारी एजंटाचो माणूस घराक इल्लो,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “एक कागद हाडल्यान. म्हणता, झील तुमचो मजेत आसा, तेच्या मर्जीन बोटीर रवलो हा, तुमची काय तक्रार नाय असा ह्येच्यात लिवलेला आसा. आंगठो करा, म्हंजे तेका लवकर घराक धाडतो. मी इचार केलंय, बाय शोधताहा, तिका काय गावाक नाय. म्हंजे ह्यो सांगता ताच खरा असात. केलंय आंगठो.”

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“माका सोमवारी तू सांगलं असतंस, तर मी तो कागद आंगठ्याक लावूक दिलंय नसतंय.” त्यांनी सुरमईचं डोकं बाजूला सारलं. “मी तुझ्याकडे खबर शोधूक इल्लंय, बाय. धीर मागूक नाय. धीर माझ्याकडे आसा. घोव दर्यात गेलो तेव्हा ह्यो पोर चार वर्सांचो होतो.”

पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन मुंबईला गेले. रातराणी एसटीने गेलो, सकाळी कार्यालयाच्या दारात. तिथल्या साहेबांनी आमचं सगळं नीट ऐकून घेतलं, संस्थेचं पत्र वाचलं. मग फाइलमधून एक कागद काढून आमच्यापुढे सरकवला. तोच कागद होता. एजंटने तो आधीच पोचता केला होता.

“आई, हा अंगठा तुमचाच ना?”

“माझोच.”

“मग अडचण आहे. घरच्यांची तक्रार नाही असं तुम्हीच लिहून दिलंय. आता हा अंगठा माहिती नसताना दिला, हे कशावरून दाखवणार?”

काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या टेबलाच्या कडेकडे बघत बसल्या. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सांगितलं, काही लेखी आणता आलं तर आणा.

परतीच्या प्रवासात महाडला गाडी थांबली तेव्हा काकींनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसून मी निवेदन लिहिलं. ‘सदर जहाजाविषयीची माहिती मला गुरुवारीच मिळाली होती. सोमवारी श्रीमती शेवंती कोयंडे यांनी स्वतः येऊन विचारले असता मी ती त्यांच्यापासून लपवली व माहिती मिळाली नाही असे खोटे सांगितले. मंगळवारी त्यांनी अंगठा दिला तेव्हा मुलाच्या परिस्थितीची त्यांना काहीही कल्पना नव्हती, याला मी जबाबदार आहे.’ सोबत कॉम्प्युटरवर ते पान कोणत्या दिवशी, किती वाजता छापलं त्याची नोंद जोडली. खाली सही केली: हर्षदा पेडणेकर, सहायक ग्रंथपाल.

वाचनालयाचा शिक्का सरांकडे असे. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. वाचनालय चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा सकाळीच फोन येऊन गेला होता की वाचनालयाने असल्या भानगडीत पडू नये. सरांनी तो मला सांगितला होता, स्वतःचं काही न जोडता.

त्यांनी निवेदन वाचलं. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मग म्हणाले, “यात एक वाक्य कमी आहे.”

“कुठलं?”

त्यांनी स्वतःचं पेन काढलं आणि माझ्या सहीच्या वर, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘माहिती तूर्त देऊ नये असे मी त्यांना सांगितले होते.’ खाली सही, ग्रंथपाल. मग शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात दिला.

“रजिस्टर पोस्टानं पाठव. प्रत फाइलला लाव.”

ते निवेदन मान्य झालं. अंगठ्याचा कागद बाजूला ठेवून काकींची तक्रार दाखल झाली. मग दुसऱ्या तीन घरांतूनही तक्रारी गेल्या. तरी दहाही खलाशी परत यायला अडीच महिने लागले. अंगठ्याच्या कागदापायी तीन-चार आठवड्यांची खोटी झाली नसती तर कदाचित आधी आले असते. किती आधी, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मला आणि सरांना वाचनालयाच्या संस्थेकडून मेमो मिळाला. सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा त्यांचा निरोप समारंभ झाला नाही. त्यांनी शेवटच्या दिवशी किल्ल्या माझ्याकडे दिल्या, कुठली कुठल्या कपाटाची ते समजावलं आणि सायकलवरून घरी गेले.

दिगंबर वाचनालयात एकदाच आला. फोटोतला मुलगा तो, यावर विश्वास बसत नव्हता, इतका सुकला होता. कॉम्प्युटरच्या खोलीत जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “स्वयंपाकी आजारी असतानाच मी घरी फोन लावलो होतो, मॅडम. त्याच्या बाजूक बसान. आयेक काय सांगूचा ता सुचना नाय, म्हणान जेवणाचा इचारलंय.”

शेवंतीकाकी मात्र मुलगा परतल्यावर पाच-सहा महिने फिरकल्या नाहीत. बाजारात दिसल्या की मान हलवायच्या, एवढंच. मीही काही बोलायला जात नव्हते. मग एका सोमवारी, अडीचच्या सुमारास, त्या आल्या. बरोबर पंचविशीतली एक बाई होती. पोटुशी होती, पाचवा-सहावा महिना असावा.

“ही सुगंधा,” काकी म्हणाल्या. “आमच्या पलीकडच्या वाडीतली. हिचो घोव तेलाच्या बोटीर आसा. तीन आठवडे फोन नाय. बोटीचो क्रमांक हिच्याकडे आसा, मी तिका आधीच लिवन घेवक सांगलंय.” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “गावलो तर त्याच दिवशी सांग. कसलीय खबर असली तरी.”

“त्याच दिवशी सांगेन,” मी म्हटलं.

सुगंधा स्टुलावर बसली. काकी तिच्यामागे उभ्या राहिल्या. मी क्रमांक टाकला. या वेळी दहा क्रमांक टाकून बघावे लागले नाहीत, जहाज लगेच आलं. जहाजाच्या नावापुढे अपघाताची नोंद होती. पंप-खोलीत स्फोट, अठरा दिवसांपूर्वी. मी पुढचं पान उघडलं. त्यावर जखमींची नावं होती, आणि त्यांच्या खाली मरण पावलेल्या तिघांची वेगळी यादी.

मी सगळी नावं वाचली. मग त्या तिघांतलं सुगंधाच्या नवऱ्याचं नाव पुन्हा वाचलं, स्पेलिंग वेगळं निघावं म्हणून. बाहेरच्या खोलीत पेन्शनरांपैकी कुणीतरी पेपरचं पान उलटलं. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीत होती, सुगंधाला ती वाचता येत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला उठून म्हणता आलं असतं की नेट गेलंय, उद्या ये, घरच्यांपैकी कुणाला तरी घेऊन ये.

मी खुर्ची तिच्याकडे वळवली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं.